खून झालाय, चहा टाका

गेल्या मार्चमध्ये आमच्या दारातून दुधाच्या पिशव्या नाहीशा होऊ लागल्या. सोसायटीत बेचाळीस बिऱ्हाडं आहेत, पण पिशव्या जायच्या त्या आमच्याच. दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत दूधवाला पहाटे साडेपाचला अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या टाकतो. साडेसहाला मी दार उघडावं तर आत एकच. दूधवाला गळ्याला चिमटा घेऊन सांगे, "वहिनी, दोन टाकल्या." असं चारदा झाल्यावर मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला आनंद झाला.

कारण गेली वीस वर्षं झोपायच्या आधी मी एकाच जातीची पुस्तकं वाचत आले आहे. कुठल्याशा लहान गावात कुणीतरी मरून पडलेलं सापडतं, पोलीस नको त्या माणसाला धरतात आणि एक बाई मध्ये पडते. तिचा पोलीसखात्याशी संबंध नसतो, तिला कुणी बोलावलेलं नसतं, आणि तिनं घरी बसून लोकर विणावी असंच सगळ्यांचं मत असतं. ती लोकरही विणते आणि खुनीही शोधून काढते. अधूनमधून केक खाते.

आमच्या ह्यांना हे अजिबात पसंत नाही. "तुझ्या पुस्तकांत रक्त कमी आणि चहा जास्त," असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः स्वीडन-नॉर्वेकडच्या कादंबऱ्या वाचतात. त्यांतला इन्स्पेक्टर घटस्फोटित असतो, दारू पितो, बाहेर बर्फ पडत असतं आणि पाचशे पानांत एकदाही कुणी धड जेवत नाही. असलं वाचून माणसाला झोप कशी लागते, हेच माझ्या दृष्टीनं मोठं रहस्य आहे.

आमच्या जातीच्या पुस्तकांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. कोझी म्हणजे ऊबदार. किटलीतला चहा गार होऊ नये म्हणून तिला जे टोपडं घालतात, त्यालाही इंग्रज कोझीच म्हणतो. हा योगायोग आहे असं मी तरी मानत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ अशा रहस्यकथांच्या चाहत्यांचं 'मॅलिस डोमेस्टिक' नावाचं संमेलन भरतं. तिथे 1989 पासून 'अगाथा' नावाचे पुरस्कार देतात आणि विजेत्याच्या हातात चक्क किटली ठेवतात. मानपत्र, शाल, श्रीफळ हे सगळं पाहून झालेल्या माणसाला विचारा, घरी गेल्यावर उपयोगी पडेल असं बक्षीस या जगात किती साहित्यिकांना मिळतं?

अगाथा म्हणजे अर्थातच अगाथा ख्रिस्ती, आणि या सगळ्या चोंबड्या बायकांची कुलदेवता म्हणजे तिची मिस मार्पल. 'चोंबडी' हा शब्द मी जपून, आदरानं वापरते आहे. तिच्या जन्माची हकीकतही गमतीची आहे. ख्रिस्तीच्या 1926 सालच्या 'रॉजर ॲक्रॉइड' कादंबरीत कॅरोलाइन नावाची डॉक्टरची एक बहीण आहे. लग्न झालेलं नाही, घराबाहेर फारशी पडत नाही, पण दूधवाला आणि मोलकरीण यांच्या तोंडून गावातली प्रत्येक बातमी तिच्याकडे सगळ्यांच्या आधी पोचते. ख्रिस्तीचा तिच्यावर भारी जीव. पुढे या कादंबरीवर नाटक करायचं ठरलं, तेव्हा नाटककाराच्या मनात पहिली कल्पना आली ती अशी: कादंबरीतला हेर पॉयरो वीस वर्षांनी तरुण करावा, त्याचं नाव 'बो' पॉयरो ठेवावं आणि पुष्कळ मुली त्याच्या प्रेमात पाडाव्यात. ते ख्रिस्तीनं हाणून पाडलं. पण कॅरोलाइन काही तिला वाचवता आली नाही. प्रौढ बाई काढून तिच्या जागी एक देखणी तरुण मुलगी घातली गेली. (रंगभूमीच्या गरजा सगळ्या देशांत सारख्याच असाव्यात.) त्या चिडीतूनच कुठेतरी मिस मार्पल जन्माला आली असावी, असं ख्रिस्तीनं आत्मचरित्रात म्हटलं आहे. लेखिकेचा राग असा सत्कारणी लागलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

1930 सालच्या 'मर्डर ॲट द व्हिकारेज' या पहिल्याच कादंबरीत मार्पलबाई उतारवयाच्या आहेत. शेवटची छापली गेली 1976 साली. वयाचा हिशेब करू नका, मीही केलेला नाही. या अवधीत त्यांनी बारा कादंबऱ्या आणि वीस कथांमधले गुन्हे उलगडले, आणि तेही सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात आयुष्य काढून. त्यांचा लेखक भाचा रेमंड एकदा या गावाला डबक्याची उपमा देतो. मावशी शांतपणे त्याला समजावते की डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात जितकी वळवळ दिसते तितकी दुसरीकडे कुठेही नसते. डोंबिवलीत तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

बाई पहिल्यांदा अवतरली ती 1927 सालच्या एका गोष्टीत, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकाराची मोहिनी त्या पंधरा-वीस पानांतच आहे. मंगळवारी रात्री मंडळी जमली आहेत. स्कॉटलंड यार्डचे निवृत्त प्रमुख, वकील, पाद्री, चित्रकार बाई आणि हा भाचा. ठरतं असं की प्रत्येकानं, उत्तर फक्त आपल्याला ठाऊक आहे अशी एक खरी हकीकत सांगायची आणि बाकीच्यांनी डोकं चालवायचं. डोकी मोजली जातात, पाच. कोपऱ्यात विणत बसलेली मावशी सौम्यपणे म्हणते, मला विसरलात की. घर तिचं, शेकोटी तिची, चहा तिचा, आणि मोजणीत तीच नाही! मग एका विषबाधेची हकीकत निघते. पुरावा काय, तर टीपकागदावर उलटा उमटलेला मजकूर, 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स'. शेकडो आणि हजारो! आता शहाण्या पुरुषांना शेकड्या-हजारांत पैशाशिवाय दुसरं काय दिसणार? वारसा, इस्टेट, मृत्युपत्र. बाईला दिसते ती मिठाई. कारण ट्रायफल नावाच्या गोडाच्या पदार्थावर जे रंगीबेरंगी साखरेचे बारीक दाणे भुरभुरतात, त्यांना इंग्लंडच्या स्वयंपाकघरात हेच नाव आहे. आपल्याकडे बडीशेपेवर रंगीत साखर चढवतात, तसलाच प्रकार. खुनी कोण ते सांगत नाही, तेवढी सभ्यता माझ्यात आहे. पण वकील-पाद्र्यांना जे कळलं नाही ते ट्रायफल करणाऱ्या बाईला कळलं, हे वाचून मी त्या रात्री उठून दिवा लावला होता आणि घोरणाऱ्या ह्यांच्याकडे नव्या नजरेनं पाहिलं होतं.

माझ्या लहानपणी आमच्या वाचनालयातल्या कपाटात हेरांची काही कमी नव्हती. बाबांसाठी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, दादासाठी सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, माझ्यासाठी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे. सायकलवरून जायचा आणि 'टॉक्क' करायचा. मला तो फार आवडे, अजून आवडतो. पण शोध लावायला सायकल नाहीतर पिस्तूल लागतं अशी माझी समजूत झाली ती तिथेच. आईला कुठे काय लागायचं? माझ्या वेणीची गाठ बघून ती सांगायची, मी आज शाळेतून परस्पर कुणाच्या घरी गेले होते. तिला कुणी हेर म्हणालं नाही. "आईला सगळं कळतं" म्हणाले आणि पुढचं ताट वाढायला सांगितलं.

बंगाल्यांनी मात्र हे ओळखलं. ऋतुपर्णो घोषनं 2003 साली 'मिरर क्रॅक्ड' या मार्पलच्या कादंबरीवरून 'शुभ मुहूर्त' काढला, तेव्हा मिस मार्पलला 'रांगा पिशी' करून टाकलं. पिशी म्हणजे आत्या. राखी त्या भूमिकेत आहे आणि तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. इंग्लंडची अविवाहित म्हातारी कलकत्त्यात आली की आत्या होते, यात भाषांतर करावं असं काही उरतच नाही.

या पुस्तकांचे काही अलिखित नियम असतात. मरणारा माणूस असा असावा की कुणालाच फार वाईट वाटू नये. 'व्हिकारेज'मध्ये तर खुद्द पाद्रीबाबाच पहिल्या काही पानांत बोलून जातात की या कर्नलला कुणी मारलं तर जगावर उपकारच होतील, आणि मग कर्नल मरतो तो नेमका पाद्रीबाबांच्याच खोलीत. यामुळे दोन सोयी होतात. संशयित भरपूर मिळतात आणि वाचकाला सुतक लागत नाही. प्रत्यक्ष खून पानामागे होतो, आपल्यासमोर येते ती त्याची बातमी, तीही बहुतेक वेळा ट्रेमधून चहाबरोबर. त्यात विकृती नाही, आतडी नाहीत. एका माणसानं दुसऱ्याला मारलं आणि आता ते नीट लावून ठेवायला हवं, कपाट लावतात तसं, एवढाच भाव.

पण नुसती मार्पल असती तर मी इतकी वाहवले नसते. तिच्यात एक खोट आहे: ती कधी चुकत नाही. माझं खरं सूत जुळलं ते एम. सी. बीटन या स्कॉटिश लेखिकेच्या अगाथा रेझिनशी. लंडनमध्ये जाहिरात-प्रसिद्धीच्या धंद्यात पैसा करून पन्नाशीत निवृत्त झालेली, आखूडशिंगी अजिबात नसलेली ही बाई कॉट्सवोल्ड्समधल्या एका खेड्यात राहायला जाते. गावात कुणी विचारत नाही म्हणून पाककृती स्पर्धेत उतरते. स्वयंपाक येतो कुठे? लंडनच्या दुकानातून 'कीश' विकत आणते, म्हणजे अंडी-चीज घातलेली खारी पाई, आणि स्वतःची म्हणून ठेवून देते. परीक्षक ती खातो आणि मरतो. आता खुनाचा आळ टाळायचा तर चोरी कबूल करायला हवी. 1992 सालची ही पहिली कादंबरी. बीटनबाईंनीच सांगून ठेवलं आहे की त्यांच्या मुलाच्या शाळेत मदतनिधीसाठी घरचं काहीतरी करून मागितलं होतं, तेव्हा त्यांनी दुकानातून दोन कीश आणल्या, वेष्टन काढलं, हातानं लिहिलेली चिठ्ठी लावली आणि पाठवून दिल्या. खूप कौतुक झालं. कुणी मेलं नाही. दिवाळीत विकतची चकली घरच्या डब्यात घालून शेजारी पाठवलेल्या समस्त भगिनींनी या लेखिकेला मनातल्या मनात नमस्कार करावा. मी केला आहे.

अगाथा रेझिन खोटं बोलते, सिगारेटी ओढते, शेजारच्या देखण्या निवृत्त कर्नलसाठी उंच टाचांचे बूट घालून लंगडते, आणि खुनी सापडतो तो बहुतेकदा ती भलत्याच ठिकाणी नाक खुपसून बसल्यामुळे. तिकडे न्यू जर्सीच्या ट्रेंटनमध्ये जॅनेट इव्हानोविचची स्टेफनी प्लम आहे. नोकरी गेली म्हणून ही जामीन बुडवून पळालेल्यांना पकडायच्या कामाला लागते आणि पिस्तूल बिस्किटांच्या बरणीत ठेवते. तिची आजी तर अचाटच. परक्यांच्या अंत्यदर्शनाला हौसेनं जाणं हा आजीबाईंचा विरंगुळा, शवपेटी बंद असली की तिची चिडचिड होते, आणि पहिल्याच कादंबरीत जेवणाच्या टेबलावर नातीचं पिस्तूल हाताळताना ती भाजलेल्या कोंबडीला गोळी घालते. घरचे काय करतात? पुढचं वाढून घेतात.

आणि बोट्स्वानाची मा रामोत्स्वे! ही खरं तर व्यावसायिक, पण शिक्षण म्हणाल तर आमच्याच पंगतीतलं. वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून तिनं गाबोरोनीत बायकांची पहिली हेरसंस्था काढली. भांडवल म्हणजे एक पांढरी छोटी व्हॅन, दोन टेबलं आणि एक चहाची किटली. (पुन्हा किटली.) 1998 साली ही मालिका सुरू करणारे अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ हे तेव्हा एडिंबराला कायद्याचे प्राध्यापक होते. पुरुषमाणसाला हे जमलं कसं, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. माझा जीव आहे तो तिथल्या मदतनीस मा माकुत्सीवर. सेक्रेटरियल कॉलेजच्या अंतिम परीक्षेत तिला 97 टक्के मिळाले होते. हे वाचकाला विसरता येत नाही, कारण ती विसरू देत नाही. पुस्तकामागून पुस्तकं जातात, लग्न होतं, मूल होतं, 97 टक्के तिथेच. ही बाई गाबोरोनीची असूच शकत नाही, हिचं माहेर सदाशिव पेठेत असणार, असा माझा संशय आहे.

तर अशी सगळी तयारी असताना घरातलं दूध चोरीला जावं, हा मला आलेला मान होता. मी वही केली. संशयितांची यादी केली. पहिलं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या मुलाचं. रात्रपाळी, दाढी वाढलेली, दारात दुधाची पिशवी कधीच नाही, आणि तरी घरातून कॉफीचा वास. आणखी काय हवं? रात्री उंबऱ्याबाहेर तांदळाची पिठी भुरभुरून ठेवली, सकाळी पावलं उमटतील म्हणून. सकाळी कामवाल्या बाईंनी ती झाडून काढली आणि मला सुनावलं, "ताई, रांगोळी येत नसेल तर सांगा, मी घालते." एका पहाटे पाळत ठेवायला म्हणून पाच वाजता उठले आणि सोफ्यावर साडेसातपर्यंत झोपले. पिशवी एकच.

शेवटी माहिती काढायला तळमजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकू ऐंशीच्या आहेत, मूळ चिपळूणच्या, आणि त्यांची खिडकी फाटकासमोर. मेथी निवडत होत्या. मुलाबद्दल एकदम विचारायचं कसं, म्हणून विषय काढायला मी त्यांना मंगळवारची ती गोष्ट सांगितली. ट्रायफल म्हणजे काय हे समजावताना घाम फुटला.

"म्हणजे शिऱ्यावर चारोळी," काकू म्हणाल्या.

"तसंच."

"बरं. खाल्लं कुणी ते राहू दे. नाही कुणी खाल्लं?"

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. सगळ्या गोष्टीची किल्ली तीच आहे. मी वाचताना तो प्रश्न मला सुचला नव्हता.

"आणि तुझ्या दुधाचं काय झालं?" काकूंनी पुढची जुडी ओढली.

दुधाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. दूधवाला सोडला तर कुणालाच नव्हतं.

"आमच्या चिपळूणला एक पोस्टमास्तर होते. डॉक्टरनं तंबाखू बंद केली. माणूस एकदम शहाणा झाला हो! बायकोचं ऐकायला लागला, रोज पहाटे शंकराच्या देवळात जायला लागला."

"मग?"

"देवळाच्या मागे पानाची टपरी होती." मेथीचं एक पिवळं पान त्यांनी बाजूला काढलं. "तुझे यजमान हल्ली फार शहाणे झालेत, नाही का?"

झालेच होते. जानेवारीत कोलेस्टेरॉलचा आकडा आला तेव्हापासून बिनदुधाचा, बिनसाखरेचा एक कप, आणि अवाक्षर तक्रार नाही. शिवाय पावणेसहाला चालायला जाणं, तेही न सांगता.

"आपला वॉचमन गेल्या वर्षापर्यंत कोरा चहा प्यायचा," काकू म्हणाल्या. "आता पातेलं वर येईपर्यंत दूध घालतो. एवढा पगार वाढला का त्याचा? आणि चालून आलेला माणूस घामेजलेला येतो गं. हे मिशीला खारीचा चुरा लावून येतात."

मार्पलच्या बारा कादंबऱ्या मी दोनदा वाचल्या आहेत. काकूंनी एकही वाचलेली नाही.

घरी येऊन ह्यांच्यासमोर वही ठेवली. ते म्हणाले, "तुझ्या पुस्तकांत चहा जास्त असतो, मी म्हणत नव्हतो?" गुन्हेगार कबुलीजबाब देताना विनोद करतो, हे आमच्या जातीच्या पुस्तकांत बसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मी डबाभर बेसनाचे लाडू नेऊन दिले. त्याला आपण दोन आठवडे आरोपी होतो याचा पत्ताच नव्हता. त्यानं एक लाडू खाल्ला आणि जरा मागे सरून विचारलं, "काकू, काही काम होतं का?" तो कोरी कॉफी पितो.

दूधवाल्याला सांगून आता आमच्या दोन्ही पिशव्या काकूंच्या दाराला लावून घेते. एप्रिलपासून एकही गेलेली नाही. ह्यांचं कोलेस्टेरॉल मात्र उतरलेलं नाही, आणि परवा काकूंच्या ओट्यावर दोन कप विसळून उपडे घातलेले दिसले. तपास चालू आहे.